खंजिराचे पाते काय सांगते?

जुन्या खंजिराच्या मुठीवर धन्याचे नाव कधीकधी सापडते. घडविणाऱ्या लोहाराचे क्वचितच. परंतु त्याची सही पात्याच्या अंगावर असते. ती कशी वाचावी?

जौहरदार पाते मुख्यतः दोन रीतींनी होई. पहिली रीत दक्षिण हिंदुस्थानातील मुशीच्या पोलादाची. युरोपीयांनी त्याला ‘वुट्झ’ म्हटले. तेलंगणातील कोनसमुद्रम् त्यासाठी प्रसिद्ध होते. त्यात कर्ब सुमारे दीड टक्का. गोळा सावकाश निवे, लोहार तो बेताच्या आचेवर पुनःपुन्हा ठोकी. तेव्हा लोहकर्बाचे कण ओळीने बसत. हिराकसाच्या पाण्याने भोवतालचे लोखंड काळवंडे, कण पांढरे राहत. हे जौहर बारीक, तुटक, जाळीदार दिसते, सांधा नसतो.

दुसरी रीत लोखंड-पोलादाच्या पट्ट्या तापवून, ठोकून एकजीव करण्याची. तेथे रेषा ठळक व सलग धावतात. कोठेतरी सांध्याची काळी रेघ सापडते.

तिसरा प्रकार लबाडीचा : साध्या पात्यावर तेजाबाने काढलेली नक्षी. ती वरवरची असते. खरे जौहर धातूच्या पोटातून आलेले. मात्र जुने पाते घासून परीक्षा करू नये, भिंग पुरे.

१९९८ साली व्हर्होवेन व पेंड्रे यांनी दाखविले की, व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा लवलेशही ही रचना घडवितो. लोहाराला ते नाव ठाऊक नव्हते. कोणता गोळा चालतो, हे हाताला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात तो धंदा बसला आणि कागदावर न उतरलेली विद्या हातांबरोबर गेली. म्हणून, श्रोतेहो, संग्रहालयात मुठीवरील रत्ने पाहून झाल्यावर क्षणभर पातेही वाचा.