काळोख पडद्यावर, यंत्रात नव्हे

लिनक्स प्रणालीवर चालणारा लॅपटॉप सकाळी सुरू करावा, पंखा फिरू लागावा, दिवा लागावा आणि पडदा मात्र काळाच राहावा, असा प्रसंग अनेकांवर येतो. आदल्या दिवशी ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर बसविलेला असतो, किंवा पडद्याच्या मांडणीत काही फेरफार केलेला असतो. अशा वेळी मनुष्य घाबरून जातो आणि सारी प्रणाली पुसून नव्याने बसविण्यास सिद्ध होतो. खरा धोका येथेच असतो. त्या पुसण्यात वर्षानुवर्षांची पत्रे, हिशेब व छायाचित्रे नाहीशी होऊ शकतात. आणि दोष मात्र पुष्कळदा चार ओळींच्या मजकुरात दडलेला असतो.

असे का व्हावे, हे लिनक्सच्या रचनेवरून ध्यानात येते. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेले लिनक्स हा प्रणालीचा गाभा होय. पडद्यावर खिडक्या व चित्रे दाखविणारी ‘एक्स’ ही व्यवस्था त्याहून जुनी. ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली जन्मास आली व तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली निघाली. ही दोन्ही अंगे स्वतंत्र आहेत. ओसरी कोसळली तरी माजघर शाबूत असावे, तशी येथील स्थिती असते.

म्हणून प्रथम कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. बहुधा केवळ अक्षरांचा साधा पडदा उघडतो व नाव आणि पासवर्ड विचारतो. तो न उघडल्यास यंत्र सुरू होतानाच्या यादीतून ‘रिकव्हरी’ हा पर्याय निवडावा.

आत शिरल्यावर लागलीच काही बदलू नये. आधी नोंदवही वाचावी. ‘एक्सऑर्ग’ या नावाची ही लॉग फाइल ‘व्हार’मधील ‘लॉग’ या फोल्डरात, किंवा काही नव्या प्रणालींत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात असते. तीत कंसातील ‘ईई’ ही खूण चूक दर्शविते, तर ‘डब्ल्यूडब्ल्यू’ ही केवळ इशारा देते.

पूर्वी पडद्याचे मापन व ड्रायव्हरचे नाव ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ या फाइलीत हाताने लिहावे लागे. आता ‘एक्स’ ही माहिती बहुतेक ठिकाणी स्वतःच शोधून काढते. तथापि ती फाइल अस्तित्वात असेल, तर तिची आज्ञा पाळली जाते. काही लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिपा असतात. पडदा एकीस जोडलेला आणि फाइलीत नाव दुसरीचे, असे झाले की काळोख ठरलेलाच.

यावरचा उपाय साधा आहे. ‘ईटीसी’मधील ‘एक्स-११’ या फोल्डरातील ती फाइल पुसू नये. ‘सुडो’चा अधिकार घेऊन ‘एमव्ही’ या आज्ञेने तिचे नाव तेवढे बदलावे व यंत्र पुन्हा सुरू करावे. तरीही पडदा न उजळल्यास नव्याने बसविलेला ड्रायव्हर काढून टाकावा. अलीकडे अनेक प्रणालींत ‘एक्स’ऐवजी ‘वेलँड’ ही व्यवस्था असते. ती ही फाइल वाचीत नाही. तेव्हा आपल्या यंत्रात कोणती व्यवस्था आहे, हे आधी पाहणे इष्ट.

जो बदल शेवटी केला, तो प्रथम मागे घ्यावा, आणि मागे घेताना परतीची वाट मोकळी ठेवावी. एवढे पथ्य पाळले तर पडदा पुन्हा उजळतो, आणि संग्रहातील एक अक्षरही गमवावे लागत नाही.