आधी मॅनहोल, मग नळ

मलकपेठेत जुनं बैठं घर पाडून वर दोन-तीन मजले चढवायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती नळ कोणत्या कंपनीचे घ्यायचे याची. आपण मात्र आधी मीटरटेप घेऊन रस्त्यावर यावं. पाणी वर चढवायला मोटर असते. सांडपाण्याला फक्त उतार असतो, म्हणून त्याचं गणित सगळ्यात आधी.

घरासमोरच्या मॅनहोलचं झाकण जलमंडळाच्या माणसाकडून उघडवून आतली वाहिनी रस्त्यापासून किती खोल आहे ते मोजून घ्यावं. स्वतः आत उतरू नये, कोणाला उतरवूही नये. आतला वायू जीवघेणा असतो.

आता ढाळ, म्हणजे पाइपाचा उतार. चार इंची पाइपाला साधारण 40 फुटांत 1 फूट ढाळ लागतो. समजा, मागच्या संडासापासून मॅनहोल 40 फुटांवर आहे आणि पाइप मागे दीड फूट खोलीवर सुरू होतो. तर पुढे तो अडीच फुटांवर पोचेल. वाहिनी दोनच फूट खोल निघाली तर? तर जोतं वाढवावं लागेल किंवा संडास पुढे आणावा लागेल. हे कागदावर असताना फुकट होतं, स्लॅब पडल्यावर होत नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. डांबराचे थर चढून रस्ते उंच झाले, जुनी घरं खाली राहिली. जोरदार पावसात मलकपेठच्या रेल्वे पुलाखाली पाणी कसं तुंबतं ते आपण पाहतोच. तशा वेळी भरलेली ड्रेनेज लाइन तळमजल्याच्या संडासातून उलटी येते. सखल घराने शेवटच्या चेंबरमध्ये उलटा प्रवाह अडवणारी झडप बसवावी. ती साफ करायला हात पोचला पाहिजे. चेंबरवर फरशी घालून ते गाडून टाकण्याची हौस महागात पडते.

उतार जमला की न्हाणीघरं एकावर एक येतील अशी आखावीत. उभा पाइप एकच लागतो आणि कोणाच्या स्वयंपाकघरावर कोणाचा संडास येत नाही. हा उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन उघडा ठेवावा, म्हणजे आत हवा खेळते. तो बंद केला तर वर फ्लश ओढल्यावर खालच्या मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं. ट्रॅप म्हणजे जाळीखालचा वाकडा भाग. त्यात साचलेलं पाणीच दुर्गंधी अडवतं. घरात वास येतो तेव्हा फिनेल ओतण्यापूर्वी हे तपासावं.

मग संप, म्हणजे जमिनीखालचा हौद. दर माणशी रोज 135 लिटर हे सर्वसाधारण प्रमाण. पाच माणसांना 675 लिटर. पाणी एक दिवसाआड आलं तर 1,350, आणि एखादी पाळी चुकेल म्हणून दुप्पट धरलेलं बरं. गच्चीवर हजाराची टाकी असेल तर 4 फूट लांब, 4 फूट रुंद, 5 फूट खोल संप पुरतो. त्यात काठोकाठ सुमारे 2,265 लिटर मावतात. तो ड्रेनेजच्या चेंबरपासून जमेल तितका दूर हवा आणि तोंड अंगणापेक्षा उंच, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातला गाळ आत. बोअरचं जड पाणी आणि जलमंडळाच्या नळाचं पाणी शक्यतो वेगळं ठेवावं. गीझर जास्त टिकतो.

गच्चीवरची टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असली की साधारण 1 किलोचा दाब मिळतो. म्हणजे तळमजल्याला जोर, आणि टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला जेमतेम धार! टाकी चार-पाच फूट उचलून फारसं साधत नाही. वरच्या मजल्यावर शॉवर हवाच असेल तर प्रेशर पंपासाठी जागा आणि विजेचा पॉइंट आत्ताच ठेवावा.

गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारं प्लास्टिक. दुरुस्तीच्या कामात जुन्या गंजलेल्या लोखंडी पाइपाला नवा तुकडा जोडून भागवू नये.

शेवटी चाचणी. गिलाव्याआधी हातपंपाने पाइपात दाब द्यावा आणि दाबमापकाचा काटा काही तास जागचा हलत नाही ना ते पाहावं. न्हाणीघरात वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस पाणी कोंडून खालचं छत न्याहाळावं. मिस्त्री ‘काही होत नाही’ म्हणेल. तरीही फरशी थांबवावी. भिंती बुजण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवावेत, पुढे गीझरसाठी भोक पाडणाऱ्याला ते दाखवता येतात.