धरण तेच, वर्ग वेगळा

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, वॉशिटा नदीच्या खोऱ्यातील कॉर्डेल गावाजवळ, क्लाउड क्रीक नावाच्या ओढ्यावर 1948 साली मातीचे एक लहान धरण पूर्ण झाले. मोठ्या नदीवर एकच प्रचंड बांध घालण्याऐवजी तिला मिळणारे ओढे वरच्या अंगालाच अडवावेत, या विचारातून त्या देशात उभे राहिलेले हे पहिले धरण होय. पुढे 1954 च्या पाणलोट संरक्षण कायद्याने या पद्धतीला देशभर वाट मिळाली, आणि आज अशा धरणांची संख्या अकरा हजारांवर असून त्यांपैकी दोन हजारांहून अधिक एकट्या ओक्लाहोमात आहेत.

या धरणांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. तळाचा काही भाग गाळ साठण्यासाठी राखलेला असतो आणि त्यावरची मोठी जागा एरवी रिकामी ठेवलेली असते. पूर आला की पाणी या जागेत थांबते आणि भरावाखालून काढलेल्या नळातून काही दिवसांत हळूहळू ओढ्यात उतरते. नळाला न पेलणारा पूर आलाच, तर तो बाजूच्या गवताळ सांडव्यावरून जातो, म्हणजे मातीच्या भरावावरून पाणी ओसंडून तो कापला जाण्याचा प्रसंग टळतो.

बांधकामाच्या वेळी अशा प्रत्येक धरणाला एक धोका-वर्ग दिला जातो. धरण फुटल्यास केवळ शेती, गोठे वा गावरस्ते यांचे नुकसान होणार असेल तर वर्ग कमी धोक्याचा. तुरळक घरे, महत्त्वाचे रस्ते किंवा लोकोपयोगी सेवा बाधित होणार असतील तर मध्यम. आणि माणसे दगावण्याची शक्यता असेल तर उच्च. येथे सर्वसामान्य वाचकाची हमखास गफलत होते. हा वर्ग धरणाच्या प्रकृतीविषयी काहीच सांगत नाही: उच्च वर्गातले धरण भक्कम असू शकते आणि कमी धोक्याचे म्हणून नोंदलेले धरण खिळखिळे झालेले असू शकते, कारण वर्ग ठरतो तो फुटीनंतर पाण्याच्या वाटेत काय येईल यावरून. धरणाची प्रत्यक्ष अवस्था तपासणीत वेगळी नोंदवली जाते.

या वर्गीकरणातली खरी अडचण काळाबरोबर उघड होते. धरण बांधले तेव्हा खाली गव्हाची शेते होती, म्हणून सांडवा बेताचा ठेवला गेला. पूर कमी झाल्याने जमीन निर्धोक वाटू लागली, तेथे घरे आली, आणि भरावाचा एक ढेकूळही न हलता धरण कमी धोक्याच्या वर्गातून उच्च वर्गात गेले. धरणाने दिलेल्या सुरक्षिततेनेच त्याचा धोका वाढवला, असे म्हणणे भाग आहे. उच्च वर्गाच्या धरणाचा सांडवा कल्पिता येईल अशा कमाल पावसाचे पाणी वाहून नेणारा असावा लागतो, आणि आपत्कालीन कृती आराखडाही तयार ठेवावा लागतो. हा भार बहुधा मृदसंधारणाच्या स्थानिक संस्थांवर येतो. खाली घरे बांधण्याची परवानगी देण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नसतो. त्यातच अनेक धरणे पन्नास वर्षांचे आयुष्य धरून बांधलेली असल्याने, 2000 सालच्या कायदा-दुरुस्तीनंतर त्यांच्या नूतनीकरणाच्या खर्चातील 65 टक्के वाटा केंद्र सरकार उचलते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले आणि त्याखालची भेंदवाडी वाहून गेली. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याच्या कक्षेत 15 मीटरहून उंच धरणे येतात, 10 ते 15 मीटर उंचीची काही अटींवर येतात, आणि त्याहून लहान तलाव व बंधारे बाहेर राहतात. अशा प्रत्येक तलावाखालच्या वस्तीची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि नवे घर बांधण्याची परवानगी देण्याआधी ती पाहावी, एवढी मागणी गावकऱ्यांनी ग्रामसभेत अवश्य करावी.