शुक्रवारी संध्याकाळी आलेला फॉर्म

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी रेडिंग स्टेशनवरून घरी चालत येत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला नागपूरचा एक मुलगा. "काका, दोन मिनिटं आहेत का? एजन्सीने फॉर्म पाठवलाय. आज सहाच्या आत सही करून पाठवा म्हणतात. सगळेच करतात, नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणे."

"वर 'ऑप्ट-आउट' लिहिलंय का?"

"हो."

"मग आधी घरी ये, चहा घेऊ. सहीचं नंतर बघू."

इथे आयटीत काम करणाऱ्या आपल्या मंडळींचा रस्ता साधारण एकसारखा असतो. आधी कंपनीच्या व्हिसावर नोकरी. त्या व्हिसावर असा स्वतंत्र धंदा करता येत नाही. मग कायम वास्तव्याचा शिक्का मिळाला की कोणीतरी सांगतं, कॉन्ट्रॅक्टिंग कर, पैसे बरे मिळतात. स्वतःच्या नावाची लिमिटेड कंपनी काढायची, एजन्सीमार्फत क्लायंटकडे काम करायचं, इन्व्हॉइस एजन्सीला पाठवायचं. या मुलाचं हे पहिलंच कॉन्ट्रॅक्ट, सहा महिन्यांचं. घरी चार महिन्यांचं बाळ, बायको रजेवर. त्यामुळे "सही केली नाही आणि काम गेलं तर?" ही त्याची भीती खोटी नव्हती.

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. २००९ साली, मंदीच्या ऐन भरात, मीही असाच फॉर्म न वाचता सही करून पाठवला होता. काम चांगलं चाललं होतं. मग एका सोमवारी क्लायंटच्या ऑफिसला कुलूप. कंपनी बुडाली होती. माझी पाच आठवड्यांची इन्व्हॉइसं एजन्सीकडे पडून होती. एजन्सीने शांतपणे कॉन्ट्रॅक्टातलं एक कलम दाखवलं: क्लायंटने आम्हाला दिले तरच आम्ही तुम्हाला देऊ. क्लायंट देणार कुठून? ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्या वर्षी भारतात जायची तिकिटं रद्द केली आणि आईला फोनवर कामाचं निमित्त सांगितलं.

त्या फॉर्मने मी काय सोडून दिलं होतं, ते मला नंतर कळलं. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये एजन्सींसाठी २००३ चे नियम आहेत, ते एप्रिल २००४ पासून लागू झाले. त्यातला बाराव्या क्रमांकाचा नियम सांगतो की क्लायंटने पैसे दिले नाहीत या कारणावरून एजन्सी तुमचे पैसे अडवू शकत नाही. टाइमशीटवर क्लायंटची सही नाही, एवढ्यावरही अडवता येत नाही. तुम्ही खरंच तेवढे तास काम केलं का, हे तपासायला एजन्सी वाजवी वेळ घेऊ शकते, इतकंच. म्हणजे क्लायंट बुडण्याचा धोका एजन्सीने घ्यायचा. ऑप्ट-आउटवर सही केली की हे संरक्षण जातं आणि कॉन्ट्रॅक्टात जे लिहिलं असेल तेच खरं.

दुसरी गोष्ट पुढच्या कामाची. क्लायंटला तुम्ही आवडलात आणि त्याने थेट घ्यायचं ठरवलं, तर नियमांखाली एजन्सी त्याच्याकडून फी मागू शकते. पण तीही काम संपल्यापासून आठ आठवडे किंवा काम सुरू झाल्यापासून चौदा आठवडे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवरच. बाहेर पडलात तर कॉन्ट्रॅक्टात सहा महिने, वर्षभर अशी बंदी घालायला एजन्सी मोकळी.

"पण एजंट म्हणाला, ऑप्ट-आउट केलं नाही तर टॅक्सवाले मला नोकरदारच समजतील."

हे तर मीही तेव्हा ऐकलं होतं. करासाठी तुम्ही नोकरदार की व्यावसायिक, हे आयआर-३५ चे नियम ठरवतात. तिथे तुम्ही प्रत्यक्ष काम कसं करता ते पाहतात: तुमच्यावर ताबा कोणाचा, तुमच्याऐवजी दुसरा माणूस पाठवता येतो का, वगैरे. एका फॉर्मवरच्या सहीने ते ठरत नाही. तसंच बारा आठवड्यांनंतर समान पगाराचा जो नियम ऑक्टोबर २०११ पासून आहे, तो वेगळा कायदा. त्याचा या फॉर्मशी संबंध नाही.

एजन्सीला ऑप्ट-आउट का हवं असतं, हेही समजून घ्यावं. त्यांचं कागदपत्रांचं काम कमी होतं आणि धोका तुमच्याकडे सरकतो. ज्यांचे चार क्लायंट आहेत, हाताशी सहा महिन्यांची गंगाजळी आहे आणि कॉन्ट्रॅक्ट वकिलाकडून तपासून घेतलंय, असे लोक विचार करून ऑप्ट-आउट करतात. त्यात गैर काही नाही. पण ती निवड तुमची असते. सही केली तरच काम शोधून देऊ, अशी अट घालायला एजन्सीला नियमांनीच मनाई केली आहे. फॉर्मवर तुमच्या कंपनीची आणि तुमची स्वतःची अशा दोघांची संमती लागते, तीही क्लायंटकडे पाठवण्याआधी. नंतर विचार बदलला तर ऑप्ट-आउट मागे घेता येतं, मात्र ते चालू काम संपल्यावरच लागू होतं. आणि लहान मुलं, आजारी किंवा असहाय व्यक्तींसोबतचं काम असेल तर बाहेर पडताच येत नाही.

"काका, कायदा ठीक आहे. पण त्यांनी गुपचूप दुसऱ्याला घेतलं तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. तसं होऊ शकतं आणि ते सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून मी त्याला नकार कळवायला सांगितलं नाही, एकच प्रश्न ईमेलने विचारायला सांगितला: क्लायंटने पैसे दिले नाहीत तरी माझं इन्व्हॉइस ठरल्या तारखेला मिळेल का? मिळेल म्हणत असाल तर कॉन्ट्रॅक्टात तसं लिहून द्या.

त्याने तिथेच बसून ईमेल पाठवलं. सहा वाजले, सात वाजले. शनिवार-रविवार त्या घरात कोणी नीट जेवलं नसावं. सोमवारी दुपारी उत्तर आलं: क्लायंटकडून पैसे आल्यावरच देण्याची आमची पद्धत आहे. मग त्याने दोन ओळीत कळवलं की मी ऑप्ट-आउट करत नाहीये, काम मात्र करायला तयार आहे.

मंगळवारी एजंटचा फोन आला, आवाज जरा कोरडा होता. बुधवारी कॉन्ट्रॅक्ट आलं, रोजचा दर तोच. पैसे कधी मिळणार ते कलम तेवढं बदललं होतं.

तुमच्याकडे असा फॉर्म आला असेल तर आज रात्री तो एकदा वाचा. अडलं तर एकॅसच्या हेल्पलाइनला फोन करा, सल्ला फुकट मिळतो. आणि फॉर्म नेमका शुक्रवारी संध्याकाळी आला, तर सोमवारी उत्तर देतो म्हणून कळवा.