रानातील सातेरी माश्या रिकाम्या पेटीत कशा आणाव्यात?

मधमाशीपालनाचा जोडधंदा करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो वसाहत कोठून आणावयाची हा. भरलेली पेटी विकत घ्यावयाची तर पैसा लागतो. ढोलीतील मोहोळ काढावयाचे तर झाडास इजा होते, पिलाव चिरडला जातो आणि पुष्कळदा राणीही मरते. याहून निर्दोष मार्ग म्हणजे माश्यांनी आपण होऊन यावे, अशी पेटी सज्ज ठेवणे.

हा उपाय सातेरी माशीपुरता आहे. आग्या व फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत नांदत नाहीत. सातेरी मात्र झाडाची ढोली, वारूळ किंवा भिंतीतील पोकळी शोधून तेथे अनेक समांतर पोळी बांधते.

फुलोरा भरात आला व वसाहत दाटली, की जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांसह बाहेर पडते. हा थवा जवळच्या फांदीवर विसावतो आणि शोधक माश्या घराच्या शोधार्थ निघतात. परत आल्यावर त्या नृत्याने जागेची दिशा व अंतर इतरांस सांगतात, हे जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. तेव्हा आपणांस पसंती मिळवावयाची आहे ती या शोधक माश्यांची.

आता गंधाविषयी. पाश्चात्त्य मधमाशीच्या पोटाच्या टोकाकडील ग्रंथीतून जो सुगंध स्रवतो, त्यात सिट्रल हे द्रव्य असते. गवती चहाच्या तेलातही तेच मुख्य असल्याने हे तेल आमिष म्हणून वापरतात. सातेरीच्या गंधाचे घटक काहीसे वेगळे आहेत. जपानमधील मधपाळ तेथील सातेरीच्याच जातीच्या माश्यांसाठी पेटीजवळ किन्र्योहेन नावाच्या ऑर्किडची कुंडी ठेवतात. त्या फुलातील थव्याला ओढणारी दोन आम्ले संशोधकांनी २०१३ साली ओळखली. सबब आपल्याकडे जुन्या मेणाचा वास मुख्य व गवती चहा पूरक, असे समजावे.

पेटीची तयारी पुढीलप्रमाणे करावी.

१. पेटी जुन्या, वास गेलेल्या लाकडाची असावी. आतून रंग वा रोगण लावू नये. कीटकनाशक ठेवलेली खोकी मुळीच वापरू नयेत. फटी बुजवून दोन-तीन बोटांचे एकच दार ठेवावे.

२. सातेरीचे शुद्ध मेण वितळवून झाकणाच्या आतील बाजूस व चौकटींच्या वरच्या पट्ट्यांस चोळावे.

३. गवती चहाच्या तेलाचे दोन-तीन थेंब कापसावर घेऊन तो बारीक छिद्राच्या डबीत घालून आत ठेवावा व आठ-दहा दिवसांनी बदलावा. तेल नसल्यास ताजी पाने चुरगळून चोळावीत. प्रमाण वाढवू नये. प्रस्तुत लेखकाने प्रथम उत्साहाच्या भरात सारा कापूस तेलात भिजविला होता. महिनाभर पेटीकडे एकही माशी फिरकली नाही.

४. पेटी सावलीत, सहा ते दहा फूट उंचीवर, न हलेल अशी बांधावी. दार वाऱ्याच्या तोंडी नसावे. मुंग्यांचा बंदोबस्त करावा. राखीव वनात वनखात्याच्या परवानगीवाचून पेटी लावू नये.

वेळ साधणे महत्त्वाचे आहे. थंडी ओसरून फुलोरा वाढू लागला आणि जवळच्या मोहोळाच्या दाराशी काळसर, जाडसर नर दिसू लागले, की पेट्या बांधाव्यात. एकाच पेटीवर विसंबू नये. निरनिराळ्या ठिकाणी चार-पाच ठेवाव्यात.

येथे एक धोक्याची सूचना अवश्य ध्यानी घ्यावी. १९९१-९२ साली थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. म्हणून कोठून आले हे ठाऊक नसलेले जुने पोळे आमिष म्हणून पेटीत ठेवू नये. वितळवून गाळलेले मेणच वापरावे. आलेली वसाहतही काही आठवडे आपल्या इतर पेट्यांपासून दूर ठेवावी. पिशवीसारख्या फुगलेल्या, डोके वर करून मेलेल्या अळ्या आढळल्यास ताबडतोब जाणकारास दाखवावे.

थवा आल्यावर आठवडाभर पेटी उघडू नये. सातेरी त्रासली की घर सोडते. माश्या पायांवर पराग घेऊन सतत आत जाऊ लागल्या, म्हणजे राणीने अंडी घालण्यास आरंभ केला असे बहुधा समजावे. पेटी हलवावयाची असल्यास सर्व माश्या परतल्यावर, रात्री दार जाळीने बंद करून हलवावी. फुले कमी असतील तर समभाग साखर व पाणी यांचा पाक संध्याकाळी द्यावा.

प्रत्येक पेटी भरेलच असे नाही. परंतु जी भरेल, तिच्यासाठी एकही झाड तोडावे लागलेले नसेल, एकही मोहोळ जाळावे लागलेले नसेल. आणि आपल्या शेतातील फुलांना परागीभवनासाठी कायमचे मदतनीस लाभलेले असतील.