रोहूच्या आतड्यातील मिठाचा हिशेब

पूर्णेच्या काठच्या केदारखेड्यास मासळी साफ करीत बसलेल्या बाईंस "मावशी, आतडे टाकू नका, मला द्या," अशी विनंती करून मी रोहूचे आतडे मागून घेतले आणि हलक्या हाताने उलगडू लागलो, तेव्हा ते माशाच्या अंगाच्या कित्येक पट लांब भरले. जठर म्हणावे असा वेगळा अवयव मात्र कोठेच आढळला नाही, कारण रोहूच्या कुळात तो मुळातच नसतो, आणि पचन व शोषण यांचा सारा भार या एका नळीवर पडतो. उभा छेद देऊन, धुऊन भिंगाखाली धरले असता मनुष्याच्या आतड्यातील रसांकुरांऐवजी नागमोडी वळ्या दिसतात. त्यांवरील पेशींचा सूक्ष्म झालरीसारखा काठ मात्र भिंगाच्या आवाक्याबाहेरचा.

त्या काठावर जे घडते त्याचे मला फार अप्रूप वाटते. प्रथिनांपासून सुटलेली अमायनो आम्ले पेशीत आधीच विपुल असली तरी आणखी आत शिरतात, म्हणजे उतार सोडून चढ चढतात. हे साधते ते सोडियममुळे: पेशीत सोडियम अल्प, बाहेर अधिक, म्हणून ते आत ओढले जाते, आणि पेशीपटलातील वाहक प्रथिन त्याच्या जोडीनेच अमायनो आम्लास प्रवेशाचा परवाना देते. ही विषमता मात्र आपोआप टिकत नाही. पेशीच्या रक्ताकडील बाजूस असलेला पंप एटीपीचा एक रेणू खर्चून सोडियमचे 3 आयन बाहेर रवाना करतो व पोटॅशियमचे 2 आत घेतो. तो पंप येन्स स्कू यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंत ओळखला. आतड्यात शर्करा सोडियमच्या संगतीने शिरते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग येथे मांडली. आतडे उलटे करून, दोऱ्याने बांधून, त्याची पिशवी बनविण्याची विल्सन व वाइजमन यांची 1954 सालची युक्ती माशांनाही लागू पडली. अशा पिशवीभोवतीच्या द्रावणातून सोडियम वगळले की अमायनो आम्लांची ही आवक पुष्कळच मंदावते.

परंतु पूर्णेचे पाणी गोडे, त्यात सोडियम नाममात्रच. रोहू ते कल्ल्यांवाटे कष्टाने वेचतो, पाचकरसांबरोबर आतड्यात ओततो, आणि अमायनो आम्लांच्या सोबतीने पुन्हा वसूल करतो. ज्या जीवास मीठ दुर्मिळ, त्याने अन्नाची आयात मिठावरच सोपवावी, ही व्यवस्था मला विलक्षण वाटते. सारेच प्रथिन मात्र या वाटेने जात नाही: दोन-तीन अमायनो आम्लांचे लहान तुकडे दुसऱ्या वाहकाकरवी, हायड्रोजनच्या आयनांसह आत जातात आणि पेशीत पोहोचल्यावर बहुतांशी सुटे होतात.