वाशीमच्या घरबागेतील व्हायोला

बियाण्यांच्या पाकिटावर व्हायोलाचे वर्णन पुष्कळदा ‘काटक व बहुवर्षायू’ असे केलेले असते. त्यावर विसंबून लावलेली रोपे एप्रिलमध्ये करपली म्हणजे बागकाम करणारा स्वतःस दोष देतो. वस्तुतः दोष त्याचा नसून त्या विशेषणाचा आहे.

बागेतील व्हायोलांच्या पूर्वजांपैकी प्रमुख जी व्हायोला कॉर्न्युटा, ती पिरिनीज पर्वतातील वनस्पती होय. तिचा काटकपणा म्हणजे हिमतुषार सोसण्याची शक्ती. वाशीम जिल्ह्यात झाडाची परीक्षा थंडी घेत नाही, तर उन्हाळा घेतो. मे महिन्यात येथे तपमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, व ते या रोपास सोसत नाही. तात्पर्य, बहुवर्षायुत्व हा केवळ वनस्पतीचा गुण नव्हे. तो वनस्पती व हवामान यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतो.

म्हणून येथे व्हायोला हिवाळी हंगामी फूलझाड म्हणूनच लावावी. पाऊस सरून रात्री गार होऊ लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, बी पेरावे. सुमारे १५ ते २० अंश तपमानात ते चांगले रुजते. बियांवर मातीचा पातळ थर द्यावा, कारण उगवणीस अंधार मानवतो. चार-पाच पाने आल्यावर रोपे १५ ते २० सेंटिमीटर अंतराने लावावी. येथील काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात; यास्तव तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफा करावा, अथवा कुंडी वापरावी. सुकलेली फुले खुडीत गेल्यास बहर लांबतो.

फेब्रुवारीअखेर मात्र काही फुले राखावी. खाली झुकलेले बोंड पक्व होताना मान वर करते. तेव्हाच ते तोडावे, अन्यथा ते तडकून बी दूर उडते. संकरित वाणाचे बी मूळ रोपासारखे निपजत नाही, हे लक्षात असावे. इतर वाण मात्र याप्रमाणे मुळाने नव्हे, तरी बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकविता येतात.

व्हायोलाच्याच कुळातील रतनपुरुष ही लहानशी वनस्पती महाराष्ट्रातील माळरानांवर पावसाळ्यात आढळते. तिची एकच मोठी, गुलाबी-जांभळी पाकळी सहज ओळखू येते. थंड पर्वतातील कुळबंधूची निगा राखीत असता, आपल्या मातीतील या आप्ताकडेही अभ्यासकाने लक्ष द्यावे.